माळकऱ्याच्या डबीतला जंत

१

कनेरगाव नाक्यावर त्या सकाळी जी बातमी फुटली, तिच्यापुढे दरोड्याची बातमीही फिकी पडली असती. ग्यानबाच्या खानावळीतला आचारी संतराम म्हणजे गळ्यात तुळशीची माळ घालणारा आणि ज्या दुकानात अंडी ठेवतात तिथून मीठसुद्धा न घेणारा माणूस. त्या संतरामच्या पोटात मांस खाणाऱ्यांना होणारा जंत सापडला होता.

मी वैजनाथ, आरोग्य केंद्रातला आरोग्यसेवक. दोन हजार तीनचा श्रावण होता. जिल्हा नवा होता, साहेब लोकही नवे होते आणि त्यांचा उत्साह तर अगदीच नवा होता. रस्त्याकाठच्या हॉटेल-खानावळींत राबणाऱ्या सगळ्यांची शौच तपासा, असा हुकूम आला. हुकूम शहाणपणाचाच होता म्हणा. वाढणाऱ्याच्या नखात जंताची अंडी असली, तर ती भाकरीबरोबर गिऱ्हाइकाच्या पोटात जातात आणि त्यांचे पैसेही कुणी लावत नाही. पण हुकूम काढणाऱ्याला दारोदार जाऊन ती वस्तू मागावी लागत नाही, मला लागली.

हिंगोलीच्या एका फोटो स्टुडिओतून मी रिकाम्या रोलच्या डब्या आणल्या, त्या काळ्या, घट्ट झाकणाच्या. नावाच्या पट्ट्या चिकटवून चार डब्या ग्यानबाच्या खानावळीत वाटल्या. एक खुद्द मालक ग्यानबाची, एक आचारी संतरामची, एक भाकऱ्या थापणाऱ्या जिवनबाईची आणि एक वाढप्या रणजीतची. दुसऱ्या दिवशी सकाळी चारही भरून परत आल्या तेव्हा माझाच माझ्यावर विश्वास बसेना.

निकाल न्यायला रणजीत आला आणि तिथेच घोटाळा झाला. तो केंद्रातून निघाला तो वाटेत भेटेल त्याला निकाल सांगतच नाक्यावर पोचला. दुपारपर्यंत बातमी पुसेगावला गेली. संध्याकाळी तिकडून निरोप आला: माळ घालून मांस खाणाऱ्याच्या घरची मुलगी आम्हाला नको.

संतरामच्या गोदूचं लग्न पुसेगावच्या दाजीबाच्या मुंजाजीशी ठरलं होतं. तुळशीचं लग्न लागलं की ह्यांचं लागायचं. दाजीबा आणि संतराम लहानपणापासूनचे दोस्त होते, दोघेही माळकरी आणि एकाच भजनी मंडळातले. दाजीबाचा पहाडी आवाज आणि संतरामचे टाळ ऐकायला लोक लांबून येत. सोयरीक जुळली तेव्हा दोघं एकमेकांच्या गळ्यात पडून रडले होते. आता एका चिमुकल्या डबीपायी ते सगळं मोडायला निघालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी धावत डॉक्टर मंजुषा मॅडमकडे गेलो. मॅडम वयानं माझ्याहून लहान, शेतकऱ्याची लेक, आणि डोक्यानं अशी तल्लख की मला कधी कधी त्यांच्यासमोर विचार करायचीही भीती वाटायची.

"मॅडम, हा जंत दुसऱ्या कशानं होत नाही का हो? घाणेरड्या पाण्यानं? मातीनं?"

"बाकीचे होतात. गोल जंत न धुतलेल्या हातांनी होतो, आकडेकृमी अनवाणी चालल्यानं होतात. पण हा लांब चपटा जंत नीट न शिजलेलं मांस पोटात गेल्याशिवाय होत नाही."

"मग संतराम खोटं बोलतोय?"

मॅडमनी गॉगल पुसला आणि गाडीची किल्ली उचलली.

"संतराम खोटं बोलत असेल," त्या म्हणाल्या, "नाहीतर त्याची डबी."

२

संतराम घराच्या ओसरीवर भिंतीकडे तोंड करून बसला होता. खानावळीत गेलाच नव्हता. गोदू दारात उभी होती, रडून रडून नाक लाल झालेली.

"मॅडम, बापू कालपासून जेवला न्हाई," ती म्हणाली. "त्याला सांगा ना, सोयरीक मोडली तं मोडली. मला काय न्हाई त्याचं."

तिला त्याचं काय होतं ते तिच्या नाकावर स्पष्ट दिसत होतं.

मॅडम सरळ संतरामसमोर खाली बसल्या. "मामा, खरं सांगा. कधी चुकून, कुणाच्या आग्रहानं मांस खाल्लं होतं?"

संतरामनं माळेला हात लावला. "ह्या माळेची आन. जल्मात शिवलं न्हाई."

"मी मानते. आता दुसरं सांगा. ती डबी तुमचीच होती?"

इतका वेळ मॅडमच्या डोळ्यांत बघणारा माणूस एकदम अंगणातल्या शेळीकडे बघायला लागला.

"व्हय. माझीच. म्याच देली."

"मग उद्या सकाळी आणखी एक द्या. पुन्हा तपासू. कदाचित आमचीच चूक असेल."

खरं तर बुडत्याला ही काडी होती. दुसरा कुणी असता तर लगेच डबीवर झडप घातली असती. संतरामनं मान हलवली.

"न्हाई मॅडम. झालं तेवढं पुरं झालं. पुन्यांदा तकलीफ नको."

मला रागच आला. पण मॅडम शांत होत्या. त्यांनी पिशवीतून तसलीच एक काळी डबी काढली. "बरं, निदान अशक्तपणाची एक गोळी तरी घ्या. ह्यात आहेत. काढा एक."

संतरामनं डबी घेतली आणि झाकण पिळायला सुरुवात केली. उजवीकडे पिळलं, डावीकडे पिळलं, मग धोतराच्या सोग्यात धरून पिळलं. शेवटी दातांकडे नेणार तेवढ्यात गोदूनं ती हिसकावली आणि अंगठ्यानं झाकण वर उडवलं.

"बापू, असं! पिळायचं नसतं."

मॅडम प्रसन्न हसल्या, गोळी त्याच्या हातावर ठेवली आणि उठल्या. पोरीच्या लग्नाचा विचका झालेल्या घरात ह्यांना हसू कसं येतं, हे मला काही कळेना.

३

खानावळीत ग्यानबा गल्ल्यावर बसला होता. त्याच्या मागे देवांच्या तसबिरी होत्या आणि त्यांच्या शेजारी नवीन चौकटीत त्याचा स्वतःचा निकाल टांगलेला होता. चौघांत एकट्या ग्यानबाचंच पोट निर्मळ निघालं होतं.

"गिऱ्हाइकाला बी कळू द्या," तो छाती फुगवून म्हणाला. "पन संतरामनं घात केला मॅडम. 'शुद्ध शाकाहारी' अशी पाटी हाय माझी. लोक पाटीकडं बघून हासून राहिले."

"तुमचं आणि त्याचं कधी वाकडं आलं होतं?"

"माझं? छ्या! त्याच्या हातच्या वरनावर तं धंदा उभा हाय माझा. त्याला काढलं तं मी काय गिऱ्हाइकाला हा कागद वाढू?"

माझा संशय रणजीतवर होता. पंचवीस-तिशीचा, तोंडानं फटकळ. ताटाला खरकटं राहिलं की संतराम त्याला चारचौघांत झापायचा. मी मॅडमच्या कानात म्हटलंही, "ह्यानंच डब्यांच्या पट्ट्या बदलल्या असतील."

रणजीतच्या डबीत गोल जंत निघाला होता. त्याचं त्याला काहीच नव्हतं. "निघाला तं निघाला. गोळी खाईन, मरून जाईन. जंत म्हन्तो मी, मी न्हाई!" मग एकदम गंभीर झाला. "मॅडम, म्या बातमी फोडली ते चुकलंच. मला वाटलं गंमत हाय. पन डबीला म्या हात लावला न्हाई. दुसऱ्याच्या डबीला कोन हात लावतं वो? मला माझ्याच डबीची शिसारी येऊन राहिली व्हती."

ह्या बोलण्यात तथ्य होतं, हे मला नाइलाजानं मान्य करावं लागलं.

जिवनबाई चुलीपुढे भाकरी थापत होत्या. तांड्यावरच्या, पन्नाशीच्या, कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या. चुलीवर आधी वरण की आधी भाकरी यावरून त्यांचं आणि संतरामचं रोज भांडण व्हायचं, त्यामुळे माझा दुसरा संशय त्यांच्यावर. त्यांच्या डबीत आकडेकृमी निघाले होते. मॅडमनी आधी त्यांच्या अनवाणी पायांकडे बघितलं आणि चप्पल घालायचं वचन घेतलं.

"संतराममामांशी तुमचं पटत नाही म्हणे?"

"न्हाई पटत. म्हनून काय त्याची लेक बिनलग्नाची ठिवू? त्यो आज न्हाई तं भांडायला कोनी न्हाई. भाकऱ्या बी वाकड्या येऊन राहिल्या."

"डब्या दिल्या त्या सकाळी काही वेगळं घडलं का? आठवून सांगा."

जिवनबाईंनी भाकरी उलटली. "वेगळं काय? आदल्या सांजच्याला भजन व्हतं. त्याचा व्याही आलता पुसेगावहून. म्हंजे पुसेगावहून न्हाई, दोन दिस बाळापूरच्या बाजारात बैल बघत व्हता, तिकडून आला. म्या भाकर वाढाया लागले, तं पोट भरलेलं हाय म्हनला. राती संतरामकडंच निजला. सकाळी दोघं दोस्त टमरेल घेऊन संगंच शेताकडं गेले, पोरावानी हासत खिदळत. मंग त्यानं बस धरली."

"आणि संतराममामा?"

"आंघोळ करून, गंध लावून आला. डबी कागदात गुंडाळून सुतळी बांधलेली. माझ्या हातात बी देली न्हाई, काठीनं ढकलली."

मॅडमनी बाकीच्या तिघांना दुसऱ्यांदा डब्या दिल्या. दोन दिवसांनी निकाल आला तो पहिल्यासारखाच: रणजीतला गोल जंत, जिवनबाईंना आकडेकृमी आणि ग्यानबाचं पोट निर्मळ.

"म्हणजे पट्ट्या बदललेल्या नव्हत्या," मी म्हणालो. "म्हणजे संतरामच..."

मॅडमनी मला तपासणीच्या खोलीत नेलं. चपट्या जंताचे तुकडे शोधायला शौच पाण्यात कालवून बारीक चाळणीतून गाळतात. संतरामच्या नावाच्या डबीचा गाळ धुऊन, वाळवून काचेवर ठेवला होता. त्यात बारीक, चपट्या, पिवळसर बिया होत्या.

"शेतकऱ्याचा पोरगा ना तुम्ही? ओळखा."

मी वाकलो. मिरचीच्या म्हणाव्यात तर त्याहून बारीक, टोमॅटोच्या म्हणाव्यात तर लव नाही. "वांग्याच्या. पण त्यात काय? श्रावणात वांगी..."

बोलता बोलता मी तिथेच अडकलो.

४

दुसऱ्या दिवशी पुसेगावच्या पारावर बैठक होती. दाजीबानं संतरामला बोलावलं होतं, चार लोकांसमोर माळ उतरवायला. आम्ही जीपमधून निघालो.

"बोला," मॅडम म्हणाल्या, "काल कुठे अडकला होतात?"

"मॅडम, कांदेनवमी झाली की माळकरी माणूस वांग्याला शिवत नाही. चातुर्मास संपेपर्यंत नाही. संतराम दुसऱ्यांसाठी वांग्याची भाजी करतो, पण चाखत नाही, मिठाचा अंदाज वासावर घेतो. मग ती डबी संतरामची नव्हतीच!"

"नव्हतीच. मला ते झाकणावरूनच कळलं होतं. ज्यानं ती डबी भरली त्याला झाकण उघडता येत होतं. संतरामनं आयुष्यात तसलं झाकण उघडलेलं नव्हतं."

"पण तो स्वतःच म्हणतो, माझीच!"

"कारण डबी कुणी चोरली नाही. त्यानंच ती दुसऱ्याकडून भरून घेतली. वैजनाथ, रोज आंघोळ करून, गंध लावून चुलीला नमस्कार करणारा माणूस. त्याला आपण सांगितलं, ती वस्तू हातानं डबीत भर आणि स्वयंपाकघरात घेऊन ये. त्याला मरण पत्करलं असतं. आपल्यालाच कळायला हवं होतं."

माझ्या डोळ्यांसमोर काठीनं ढकललेली डबी आली.

"मग भरली कुणी? खानावळीतल्या तिघांपैकी..."

"तिघांपैकी कुणाच्याच पोटात चपटा जंत नाही. दोनदा बघितलं. म्हणजे बाहेरचा माणूस. आता संतरामच्या डोक्यानं विचार करा. आपल्या नावावर दुसऱ्याची शौच द्यायची. मग कुणाची द्याल?"

मी विचार केला आणि मला हसूच फुटलं. "माळकऱ्याची! निदान नावाला बट्टा नको!"

"बरोबर. शुद्ध माणसाची. आता शेवटचं. गावानं तोंडात शेण घातलं, लेकीचं लग्न मोडलं, तरी संतराम त्याचं नाव घेत नाही. नाव घेतल्यावर याहून वाईट काय होणार आहे? असा माणूस एकच, ज्याचं नाव घेतलं तर तेच लग्न पुन्हा कधीच जुळणार नाही."

जीप खड्ड्यातून गेली आणि माझं डोकं टपाला आपटलं. बाळापूरचा बाजार. भरलेलं पोट. सकाळी संगतीनं शेताकडे. आणि बाजारात संध्याकाळी लागणारे ते गाडे, त्यांवरची निखाऱ्यावर नुसती शेकलेली, आतून अर्धकच्ची मांसाची सीख.

"दाजीबा!" मी ओरडलो. "आणि तोच सगळ्यांत मोठ्यानं बोंबलतोय!"

"म्हणून तर बोंबलतोय."

"आता पारावर त्याचं सोंग उतरवतो बघा मी!"

मॅडमनी गाडीच थांबवली. "तुम्ही एक शब्द बोलायचा नाही. आजाऱ्याचं नाव चारचौघांत घेत नाहीत. एकाचं घेतलं गेलं, त्याचा परिणाम बघतोय ना आपण?"

"मग लग्नाचं कसं?"

"तेच अजून सुचलं नाही," मॅडम म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच मला त्यांची काळजी वाटली.

५

पारावर ही गर्दी. बायका एका बाजूला, त्यांत पुढेच दाजीबाची बायको मालनबाई, हाताची घडी घालून. एका खांबाआड मुंजाजी उभा, चेहरा उतरलेला. मधोमध संतराम मान खाली घालून बसलेला आणि त्याच्यासमोर दाजीबा, भजनातला तोच पहाडी आवाज लावून.

"माळ घालायची आन् मागून मांस खायचं! देव आंधळा हाय काय? उतरव ती माळ!"

 संतरामनं फक्त एकदा दाजीबाकडे बघितलं आणि दोन्ही हात मानेमागे नेले.

"थांबा," मॅडम म्हणाल्या.

मग त्यांनी नाव तेवढं सोडून सगळं सांगितलं. वांग्याच्या बिया सांगितल्या, झाकणाची गोष्ट सांगितली. बिया म्हातारी माणसं हातावर घेऊन बघू लागली. "वांगंच हाय," एकानं निकाल दिला. "संतराम चातुर्मासात वांगं खाईल? सूर्य पश्चिमेला उगवंल." गर्दीतून सुटकेचा एक हुंकार निघाला. गोदूच्या बापाचं नाव धुऊन निघालं होतं.

दाजीबाचा आवाज मात्र चिरका झाला. "मंग... मंग डबी कोनाची?"

"ते मी सांगणार नाही. कुणीही असो, त्यानं दोस्ताची अडचण ओळखून मदतच केली होती. पण त्याच्यापर्यंत ह्या गोळ्या पोचायला हव्यात." मॅडमनी तळहात पुढे केला. "हा जंत आपोआप जात नाही. आत बसून वाढत राहतो, ह्या पाराएवढा लांब होतो. माणूस खातो आणि अंगाला लागत नाही. ह्या गोळ्या सकाळी उपाशीपोटी चावून खायच्या, बस. कुणी गुपचूप येऊन नेल्या तरी चालेल."

सगळे एकमेकांकडे बघू लागले. दाजीबाचा हात नकळत पोटावर गेला होता. कुणी हललं नाही, आणि मला वाटलं, झालं, आता हे असंच राहणार.

तेवढ्यात मालनबाईंनी हाताची घडी सोडली. गर्दीतून वाट काढत त्या सरळ मॅडमपुढे आल्या आणि ओंजळ पुढे केली.

"द्या त्या गोळ्या इकडं."

"मालन!" दाजीबा ओरडला. "तू काहून मधी पडून राहिली?"

"तुमी गप बसा." मालनबाईंनी मागे वळूनही बघितलं नाही. "दोन वरसं झाली मॅडम. कितीबी थापा, ह्यांना भाकरी पुरत न्हाई, आन् हाडं तं बघा. धुनं मी धुती ना घरचं? कपड्याला पांढऱ्या शेवईवानी तुकडे वळवळतेत, मला दिसत न्हाई व्हय? मला वाटलं, नजर लागली. मीठ-मिरच्या ओवाळून ओवाळून थकले मी! आन् हा बाबा बाळापूरला बैल बघून राहिला!"

आधी कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळा पार हसायला लागला, म्हातारे, बायका, अगदी खांबाआडचा मुंजाजीसुद्धा. दाजीबा मटकन खाली बसला. एवढा मोठा माणूस, पण बघता बघता त्याचे डोळे भरले.

"संतराम," तो कसंबसं म्हणाला, "तुला ठावं व्हतं. मी तुला माळ उतरवाया लावली, तरी तू काहून बोलला न्हाईस?"

संतरामनं मानेमागचे हात आता कुठे खाली घेतले.

"बोललो असतो तं लगीन मोडलं असतं," तो म्हणाला. "न्हाई बोललो तरी मोडलंच. मंग दोस्ती बी काहून मोडू?"

हसू थांबलं. दाजीबानं स्वतःच्या माळेला हात घातला, ती काढून संतरामच्या पायाशी ठेवायला. पण मालनबाईंनी त्याचा हात वरच्या वर धरला.

"ते मागून बघू. आधी लगीन. तिथी ठरली तीच, आन् सून गोदूच. अन् तुमी सकाळधरनं काय खाल्लं हाय?"

"काय न्हाई," दाजीबा पुटपुटला. "घास उतरत न्हवता."

"बराबर. उपाशीपोटीच हायेत मॅडम." मालनबाईंनी गोळ्या त्याच्या तोंडापुढे धरल्या. "आ करा."

सगळ्या पुसेगावासमोर दाजीबानं आ केला. मोठमोठ्या गोळ्या होत्या. चावता चावता त्याला ठसका लागला, तोंड पांढरं फटक झालं, आणि कुणी उठायच्या आत संतराम धावत आडावर गेला आणि तांब्या भरून पाणी घेऊन आला.